राज्याचं कोटीवं माणूस

राज्याची लोकसंख्या एक कोटी व्हायला एकच माणूस कमी होतं, म्हणून प्रसूतिगृहाच्या दारात बँड सज्ज होता. मोजणी खात्याचे साहेब हार घेऊन येरझाऱ्या घालत होते. वार्ताहराने तर बातमी आधीच लिहून ठेवली होती.

"बाई, जरा लवकर!" साहेब दारातून ओरडले.

"तुम्ही या आत, मग कळेल!" कळा देणारी बाई आतून म्हणाली.

तेवढ्यात ट्रंक ओढत एक आजी आली. वॉचमन म्हणाला, "भेटायची वेळ संपली."

"भेटायला कोण आलंय? लेकीला माहेरी यायला जमेना, म्हणून माहेरच उचलून आणलंय. आता नातवंड सोडून परत जायची नाही मी. स्टेशनवरच्या मोजणी खात्याच्या खिडकीत तसं नावच नोंदवून आलेय, इथली रहिवासी म्हणून!"

साहेबांचा फोन वाजला. "काय? कोटी भरले? स्टेशनवर? ट्रंकवाली आजी?"

पुढच्या क्षणी हार आजीच्या गळ्यात होता, बँडने छत डोक्यावर घेतलं होतं आणि आतून बाळाचा ट्यँहँ ऐकू येताच आजीनेही गळा काढला.

"बातमी नव्याने लिहा हो," साहेब वार्ताहराला म्हणाले.

वार्ताहराने कागद वाचला. "तोंडात एक दात नाही, डोक्यावर चारच केस, आल्या आल्या भोकाड पसरलं आणि सगळ्यांना वेड लावलं." त्याने कागद खिशात घातला. "साहेब, एक अक्षर बदलायची गरज नाही!"