सात गाठी

पट्टा मनगटावरून निसटू नये म्हणून हौसाक्कांनी त्यावर देवीचा दोरा गुंडाळून सात गाठी मारल्या आणि मागे वळून पाहिलं. गल्लीतली आख्खी तालीम त्यांनी गोळा करून आणली होती. दोनशे माणसं, प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा. आक्कांच्या लेकाच्या, रणधीरच्या शर्यतीच्या गाडीत पेट्रोलचा थेंब नव्हता. पट्टे बांधलेल्या चाहत्यांच्या काळजाचे ठोके वाढतील, तशी ती पळायची.

"आक्का, पोरगं सगळ्यांच्या म्होरं हाय!" तालमीचे दत्तूमामा ओरडले.

शेवटच्या फेरीत वळणावर दुसरी एक गाडी आडवी झाली. दोनशे काळजं एकदम धडधडली. रणधीरनं ब्रेक दाबला, तरी त्याची गाडी उसळली. भीती कुठली आणि आनंद कुठला, हे पट्ट्यांना कळत नव्हतं.

"पट्टे काढा रे!" आक्का किंचाळल्या. त्या किंकाळीनं सगळे आणखीच घाबरले.

गाडी भिंतीवर आदळून उलटी झाली. आतून धूर येत होता, रणधीरचा हात हलत होता. पण गरागरा फिरणाऱ्या चाकांमुळे कुणालाच जवळ जाता येईना. एकेक करून सगळ्यांनी पट्टे काढले. चाकं थांबली नाहीत.

तेव्हा सगळे आक्कांच्या मनगटाकडे बघू लागले.

आक्कांना गाठी सुटेनात. दत्तूमामा दातांनी दोरा तोडू लागले.

"आक्का, शांत व्हा की," ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

चाकं आणखी जोरात फिरू लागली.