पांढरं जॅकेट

“आजी, बघ कशी दिसते,” म्हणत शाल्मलीने हॉलमध्ये गिरकी घेतली. गुलमर्गला स्कीइंगसाठी मागवलेलं नवं जॅकेट तिच्या अंगात होतं. पांढरंशुभ्र. मटार सोलणारे माझे हात थांबले.

“हे परत कर. दुसऱ्या रंगाचं घे.”

“संक्रांत सोडून काळं नाही, आता पांढरंही नाही. मग आम्ही घालायचं तरी काय?”

लॅपटॉपवर हॉटेलच्या खोल्या बघणारा माझा मुलगा हसला. “आई, तू तेवढे दिवस ताईकडे राहा. इथे एकटी नुसती काळजी करत बसशील.”

माझा धाकटा भाऊ गजू सैन्यात असताना वारला, एवढंच मुलांना ठाऊक होतं. कसा, ते मी कधी बोलले नव्हते. आज बोलले. बर्फात शत्रूला दिसू नयेत म्हणून त्यांना पांढरे कपडे असत. डोंगरावरून बर्फ कोसळला, तेव्हा शोधायला आलेली माणसं गजूच्या अगदी जवळून गेली. तो कुणालाच दिसला नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर सापडला.

लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. शाल्मलीने जॅकेट उतरवलं.

“लांबून कुठला रंग दिसतो गं, आजी?”

“शेंदरी,” मी म्हणाले. पण नुसत्या रंगावर माझा भरवसा बसेना. मग मुलाला सांगितलं, “माझंही तिकीट काढ. मी खाली खुर्ची टाकून बसेन. ही उतारावर असेपर्यंत कुणीतरी हिच्याकडे बघत असायला हवं.”