एका चावीत

महिपती तात्यांच्या साठ सालच्या मोटारीत इकबाल मिस्त्रीने तीन महिने खपून एका मोडीत काढलेल्या व्हॅनचं इंजिन बसवलं होतं. आज निरवांगीहून नरसिंहपूरला पहिली फेरी. "ह्या इंजिनालाबी धक्का द्यावा लागला, तर गाडी थेट भंगारात!" तात्यांनी आधीच बजावलं होतं.

तात्यांच्या पत्नी सिंधुबाईंनी मागच्या सीटवर नारळाची पिशवी ठेवली. पुढे तात्यांच्या शेजारी बसलेल्या इकबालने मनात बिस्मिल्ला म्हटलं. तात्यांनी चावी फिरवली मात्र, इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं आणि गाडी सुसाट निघाली.

"मिस्त्री, पोटातलं पानीबी हालंना की!"

"अजून जरा ट्युनिंग करतो, तात्या. मंग आवाजबी येनार न्हाय."

तात्यांना आनंद मावेना. "अगं, बघ की कशी पळतीया!" ते तिसऱ्यांदा म्हणाले, तरी मागून हूं की चूं नाही. इकबालने वळून पाहिलं. सीटवर नुसती नारळाची पिशवी.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. पलीकडे सिंधुबाईंना हसू आवरत नव्हतं.

"अवं, मी दारातच हाय. चाळीस वर्सांची सवय! पदर खोचून धक्का द्यायला मागं गेले, तर हात लावायच्या आधीच गाडी पळाली. या माघारी. आन् मिस्त्रीला म्हनावं, मागं बसा. आज पुढं मी बसनार!"