गुलाबी पाणी

भांडुपच्या मालवणी महोत्सवात श्रुतिकाच्या आईने सोलकढीचा घोट घेतला आणि स्टॉलवाल्याला सगळ्यांदेखत सुनावलं, "ह्येका सोलकढी म्हणतत? गुलाबी पाणी नुसतां!"

"आई, हळू! आणि नीट मराठीत बोल ना गं."

"मगे मालवणी खंय बोलू, चीनात?"

श्रुतिकाला मालवणी सगळी कळायची, पण तिने ती कधी तोंडातून काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

यंदाच्या महोत्सवात 'मालवणी बोला, सेल्फी काढा' असा मंडप होता. शेजारच्या स्टॉलवर पाटी होती, 'आईच्या हातची सोलकढी'. श्रुतिकाने घोट घेतला.

"एकदम ऑथेंटिक ना, मॅडम?" स्टॉलवाल्याने विचारलं.



श्रुतिका मोठ्याने, सगळ्यांदेखत म्हणाली, "आवशीच्या हातची? गुलाबी पाणी नुसतां!"