बारावी खुर्ची

बाराव्या खुर्चीवर कोणीच बसाले तयार नव्हतं.

अकरा जण केव्हाचे बसले होते. धुतलेली धोतरं, तेल चोपडलेले केस अन् उजवा पाय उघडा. पवित्र गुरुवारी फादर लोकायचे पाय धुतात, हे गावातलं गिरजाघर पहिल्यांदाच पाहणार होतं. रोमहून औंदा नवा हुकूम आलता. प्रभू येशूनं बारा शिष्यायचे पाय धुतले, तसे फादरनं बारा माणसायचे धुवाचे.

इतकंच होतं. पण लाजर मास्तरनं त्याचं नाटक करून टाकलं. कोण कोणता शिष्य, ते त्यानंच वाटून देल्लं. पेत्र कोण होणार यावरून दोन व्याही भांडले. योहान तरणा होता म्हणून तानबानं मिशी काढली. शेवटची खुर्ची उरली, तेव्हा कुठं सगळ्यायच्या ध्यानात आलं, बारावा यहूदा होता. प्रभूले धरून देणारा.

"रूपराव, बस ना."

"माह्या पोरीचं लगन जमून राह्यलं, मास्तर. मी यहूदा होऊ? सोयरे काय म्हनतीन?"

"मंग घनश्याम, तू?"

"मेलो तरी नाई."

मागच्या खोलीत फादर परेरा मिस्साच्या पूजेचे कपडे चढवत होते. घंटा होणारच होती. तानबा मिशीच्या जागेवर बोट फिरवत म्हणला, "पुनाजीले बसवा ना. त्याले शोभते."

पहिले कोणी हासलं नाई. मंग सगळेच हासले.

पुनाजी बाहेर कडूनिंबाखाली उभा होता. तो नेहमी तिथूनच मिस्सा ऐके. बेचाळीसच्या चळवळीत त्याचा मोठा भाऊ चिंधू रानात लपला होता. पोलिसायनं पुनाजीले धरलं. त्यानं दंडे खाल्ले, अन् जागा सांगतली. चिंधू जेलातच तापानं मेला. तेव्हापासून पुनाजीले कोणी लग्नाले बोलावलं नाई, मयतीले बोलावलं नाई. मारलं कोणीच नाई. शिव्याबी नाई देल्ल्या. तो आला की लोक चिलीम विझवत अन् उठत, बस. चिंधूची बायको रामबाई दोन घरं सोडून राहे. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाई. विहिरीवर तो दिसला, तर भरलेली बादली तशीच ठेवून निघून जाय.

मास्तरनं दारातून हाक मारली. "पुनाजी! ये बावा. पाय धुवाले एक मानूस कमी पडून राह्यला."

"मले?"

"तुलेच."

पुनाजी पहिले विहिरीवर पळाला. फादरनं हात लावाच्या आधी पाय साफ पायजे. त्यानं दगडानं टाच घासली, लाल होईपर्यंत. नखातली काळी माती काडीनं काढली. मंग ओल्या पायानं आत आला अन् खुर्चीवर बसला. ताठ. लगनात नवरदेव बसते तसा. त्याचं तोंड पाहून रूपराव दुसरीकडे पाहू लागला.

घंटा झाली. फादरचं लॅटिन सुरू झालं. तानबा बाजूच्याच खुर्चीवर होता. तो हळूच वाकला.

"तू कोन हायेस, मालूम हाये का तुले? यहूदा."

पुनाजी चिडला नाई. त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतला. उठून जावं, तर सगळं गिरजाघर पाहून राह्यलं होतं. बायकायच्या बाजूले पहिल्याच रांगेत रामबाई होती. तीबी पाहत होती.

फादर परेरा वसईचे, म्हातारे. एकेका माणसापुढे गुडघे टेकत, पाणी ओतत, पाय पुसत, त्याचा मुका घेत पुढं सरकत होते. प्रत्येक वेळी उठताना खुर्चीची दांडी धरत. तानबाचं झालं. फादर शेवटच्या खुर्चीपुढे टेकले अन् हात पुढं केला.

पाय आला नाई.

"नको, फादर," पुनाजी म्हणला. "मी यहूदा हाओ."

फादरले काहीच समजलं नाई. त्यायनं मास्तरकडे पाह्यलं. मास्तर छत पाहून राह्यला होता. मंग समजलं. फादरचे कान लाल झाले. पण ते उठले नाई.

"त्याचेही धुतले होते," ते म्हणले.

"खोटं."

"शुभवर्तमानात आहे. हाच धरून देणार, हे येशूला माहीत होतं. तरी धुतले. यहूदा उठून गेला, तो त्यानंतर."

"मंग त्यानं फाशी काऊन घेतली?"

फादरनं हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. "आपल्यालाही माफी आहे, हे त्याला खरं वाटलं नाही, म्हणून."

पुनाजीचा पाय खुर्चीखालीच होता. तो फादरकडे पाहतच नव्हता. तो बायकायच्या बाजूले पाहत होता. माफी खरी का खोटी, ते त्याले तिथूनच समजणार होतं.

रामबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पाय द्या, भाऊजी," ती म्हणली. "म्हातारा मानूस हाये. किती वेळ गुडघ्यावर ठेवता?"