वर्ग त्यांचा, फाटक आमचं

इस्त्रीवाल्या मावशींनी पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्याला त्यांनी घरी कव्हर घातलं होतं, आणि कव्हरवरूनही इस्त्री फिरवलेली दिसत होती.

"परत द्यायला आले," त्या म्हणाल्या. "यापुढे नाही जमायचं."

"सासूबाईंमुळे?" बाईंनी विचारलं.

"मागे एकदा घरात पडल्या ना त्या. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी इथेच बसलेले. घर दोन गल्ल्या सोडून. पळत फाटकापाशी गेले तर कुलूप. म्हणे पालक आल्याशिवाय सोडता येत नाही. माझा पालक म्हणजे माझा मुलगा, तो टॅक्सी घेऊन कुठल्या कुठे. तो येईपर्यंत म्हातारी जमिनीवर पडून."

एरवी पालक हा या वर्गातला लाडका विनोद होता. आज कोणी हसलं नाही. इमारत शालेय शिक्षण खात्याची, प्रौढांचा वर्गही त्याच खात्याचा, त्यामुळे नियमही मुलांचेच. शाळा सुटेपर्यंत पालकाशिवाय विद्यार्थी बाहेर जाणार नाही. वर्गातल्या प्लंबरच्या प्रवेशाच्या कागदावर पालक म्हणून त्याच्या बायकोची सही होती, आणि ती त्याला न्यायला यायला साफ नकार देत असे.

"बसा जरा," बाई म्हणाल्या. "सकाळीच कळलंय. आपला वर्ग आजपासून उच्च शिक्षण खात्याकडे गेला."

"म्हणजे आम्ही कॉलेजात?" प्लंबर म्हणाला. "तिसरीचं पुस्तक घेऊन?"

"म्हणजे तुम्ही मोठे. त्यांच्याकडे पालक लागत नाही. काम निघालं की उठून जायचं."

मावशींनी पुस्तकाकडे पाहिलं, पण उचललं नाही. "हे कुलूपकाकांना कोणी सांगितलंय का?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सगळा वर्ग फाटकाशी गेला. फाटकावरचे शिपाई स्टुलावर बसले होते. किल्ली कमरेच्या पट्ट्याला बांधलेली. त्यांना कुलूपकाका म्हणतात हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे.

त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"वर्ग त्यांचा झाला असेल, बाई. फाटक अजून आमचं आहे."

"अहो काका, नातवंडं आहेत या लोकांना!"

"असतील. माझ्या आधीच्या शिपायाने एका मुलाला असंच सोडलं होतं. ओळखीचं आहे, घर जवळ आहे म्हणून. ते पोर घरी पोचलंच नाही, गाडीखाली आलं. या शाळेचा विद्यार्थी असा एकटा मी सोडत नसतो."

मावशी वळल्या. पुस्तक टेबलावर ठेवून आल्याच होत्या, आता फक्त पिशवी घ्यायची होती.

"पण काका," बाई म्हणाल्या, "मावशी तुमच्या शाळेच्या विद्यार्थिनी आहेत का?"

कुलूपकाका उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. "आजपासून नाहीत म्हणता?"

"नाहीत."

"मग कोण आहेत?"

कुलूपकाकांनी फाटकाकडे पाहिलं, मग मावशींकडे, मग पुन्हा फाटकाकडे. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"शाळेच्या नाहीत म्हणजे बाहेरच्या. बाहेरचं माणूस म्हणजे पाहुणा." ते उठले आणि स्टुलाखालून जाडजूड वही काढली. "पाहुण्याला अडवायचा नियमच नाही. येताना इथे नाव लिहायचं, काम लिहायचं. जायचं तेव्हा जायचं. लहान दार उघडून देईन."

"एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलंत?" प्लंबर म्हणाला.

"आधी तुम्ही पाहुणे कुठे होता?"

रांग लागली. प्लंबरने कामाच्या रकान्यात सवयीने 'नळ' लिहिलं, मग जीभ चावून ते खोडलं आणि 'शिक्षण' लिहिलं. मावशींनी सावकाश, रेघेवर नीट बसवून आपलं नाव लिहिलं. वर्गात परतल्यावर त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि आपल्या बाकावर जाऊन बसल्या. बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि फळ्याकडे वळल्या.

भागाकार अर्ध्यावर आला असताना मावशींचा फोन वाजला. "शेजारीण," एवढंच बोलून त्या धावल्या. खिडकीतून सगळ्यांना फाटक दिसत होतं. त्या पोचण्याआधीच कुलूपकाका किल्ली हातात घेऊन उभे होते. लहान दार उघडलं, मावशी वाकून बाहेर पडल्या.

बाईंचा खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला. उरलेली बाकी कोणी विचारली नाही.

कुलूपकाका स्टुलावर परत बसले नाहीत. गजांतून रस्त्याकडे बघत उभे राहिले. पुष्कळ वेळाने गल्लीच्या तोंडाशी मावशी दिसल्या. पळत नव्हत्या. पदराने मान पुसत, ओळखीच्या बाईशी दोन शब्द बोलून त्या फाटकापाशी आल्या.

"काय झालं होतं?" कुलूपकाकांनी आतूनच विचारलं.

"चष्मा सापडत नव्हता म्हणे. सगळं घर डोक्यावर घेतलं."

"मग? सापडला?"

"तोही डोक्यावरच होता."

कुलूपकाका हसले. किल्ली फिरवता फिरवता, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांनी मावशींच्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"आणायला कोण आलंय?"

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "माझी मीच आले."

आणि वहीसाठी हात पुढे केला.