दोनशे अंशांवर

आधी ओव्हन रिकामा करावा लागला. इनायातने त्यातून तवे काढले, मासे भाजायचा मोठा रिकामा ट्रे काढला, झाकणं काढली आणि शेवटी पिशव्यांनी गच्च भरलेली एक प्लास्टिकची पिशवी काढली. रऊफला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओव्हनमध्ये भांडी कोंबत नाही असं घर अलेक्झांड्रियात शोधून सापडायचं नाही. नवल वेगळंच होतं. स्वयंपाकघरात नवऱ्याची सावलीही खपवून न घेणारी ही बाई आज एका शब्दाने अडवत नव्हती.

"ठेवा, बाशमुहंदिस," ती म्हणाली.

रऊफची सगळी नोकरी ट्राममध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. पण हातात पेचकस दिसला की गल्ली त्या माणसाला बाशमुहंदिस, म्हणजे बडे इंजिनियर म्हणते. अशी चालून आलेली पदवी नाकारण्याइतका रऊफ उद्धट नव्हता.

रऊफच्या हातातल्या ट्रेमध्ये चंदेरी कागदाचे चार गोळे होते आणि त्यांच्यावर लेकीच्या, लमीसच्या, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड. लमीस इमारतींचे नकाशे शिकत होती, शेवटचं वर्ष. नकाशे दुसरीकडे उतरवून ठेवलेले होते, पण पडद्यावर आधी रेघा आल्या आणि मग अंधार झाला, तेव्हा ते पुरे करायचे कशावर? दुकानदार म्हणाला, कार्ड गेलं, नवा लॅपटॉप घ्या. नवा घ्यायचा तर इनायातच्या लग्नातल्या दोन बांगड्या विकाव्या लागणार होत्या. अंगावर सोनं म्हणून तेवढंच उरलं होतं. हल्ली भांडी घासताना ती बांगड्या काढून ठेवत होती, जणू सवय करून घेत होती, आणि ते रऊफच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

तेवढ्यात इंटरनेटवर त्याला कुणीतरी सांगितलं की कार्ड ओव्हनमध्ये भाजा. आतले शिशाचे टाके सैल होतात, उष्णतेने वितळतात आणि पुन्हा जुळतात. रऊफने लॅपटॉपचा पंखा उघडला, त्यातून मांजरीच्या केसांचा बोळा काढला, ब्रशने धूळ झटकली. ही झाडलोट म्हणजे हमालीचं काम. खरं शास्त्र पुढे होतं.

"दोनशे अंश, आठ मिनिटं," त्याने बजावलं. "मग बंद कर, दार उघडून ठेव, आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस. वाफा विषारी असतात."

आपल्यासारख्या दमेकरी माणसाने वाफांपासून लांब राहावं, हे त्याला मनोमन पटलेलं होतं. इनायातला दमा नव्हता. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

"वास येतोय बघ," थोड्या वेळाने तो तिथून ओरडला. "शिसं वितळलं." खालच्या मजल्यावर त्याच वेळी कुणाची तरी लसणाची फोडणी करपली होती, पण शिशाचा वास रऊफला बरोबर वेगळा ओळखता आला.

"झाली आठ मिनिटं," इनायात आतून म्हणाली.

त्याने नमाज पढली, चहा घेतला, मग कार्ड उचललं. चांगलं गार झालं होतं. ते जागेवर बसवून त्याने बटण दाबलं. पडदा उजळला, एकही रेघ नाही. लमीसने बापाच्या गळ्यात हात टाकले. इनायातने बांगड्या हातात चढवल्या आणि त्या काढल्या नाहीत. रऊफचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या पदवीला आपण लायक आहोत असं त्याला वाटलं.

पुढे आठवडाभर कॅफेतल्या प्रत्येकाला दोनशे अंश आणि आठ मिनिटं तोंडपाठ झाली. शुक्रवारी मेहुणा फिक्री आपला मेलेला लॅपटॉप काखोटीला मारून हजर झाला.

"या वेळी मी स्वतः उभा राहणार," रऊफ म्हणाला. त्याने नाकाला रुमाल बांधला, इनायातचे हातमोजे चढवले, बटण फिरवलं आणि पेटती काडी आत धरली. काडी विझली. दुसरी धरली, तीही विझली. फिक्री मान वाकवून बघत होता.

"इनायात! गॅस गेलाय का?"

इनायात दाराशी होती. हातात माशांचा ट्रे, वर कांदा-टोमॅटो, त्यावर फडकं.

"शेगडीला आहे की."

"मग हा पेटत का नाही? आणि तू कुठे निघालीस?"

"कोपऱ्यावरच्या भट्टीवर. मासे भाजून आणते."

"घरात ओव्हन असताना?"

"तो ओव्हन लमीस शाळेत होती तेव्हाच मेलाय. तेव्हापासून तुम्ही भाजलेलं खाताय ते सगळं भट्टीवरचं. कपाट म्हणून मात्र चांगला आहे."

रऊफने रुमाल खाली ओढला. फिक्री तोंडावर हात धरून खोकायला लागला, आणि फिक्रीला खोकला नव्हता.

"बाबा," फिक्रीच्या मागून लमीस हळूच म्हणाली, "पंख्यातले ते मांजरीचे केस... त्यांनीच लॅपटॉप तापत होता. मला वाटतं, तेवढंच झालं होतं."

म्हणजे शास्त्र बाजूला राहिलं आणि हमालीने काम केलं होतं. रऊफला रागवायचं होतं, पण हातमोजे घालून रागवणं त्याला जमेना. शेवटी तोच आधी हसला.

"अगं, पण तेव्हाच का नाही सांगितलंस? किती खुशाल 'ठेवा' म्हणालीस!"

इनायातने ट्रे कमरेवर घेतला. बांगड्या किणकिणल्या.

"पेटत असता, तर पोरीचं कार्ड ठेवू दिलं असतं का तुम्हाला?"